न धुवायचा झगा

पहिल्या बसनं आम्ही चौघं कोइंब्रात उतरलो.
फिरमिनुच्या काखेत पत्र्याचा डबा, खारवलेल्या माशाचे वडे भरलेला,
ग्रासिएतची छत्री, जी ऊनपाऊस काही न बघता येतेच,
आणि गुडघ्याला पट्टा बांधलेली देओलिंदा,
पन्नास-बावन्न वर्षांनी.

चढाच्या तोंडाशी ती थांबली.
म्हणाली, मी इथवर यायचे. इथून पुढे नुसते कपडे वर जायचे.
खालच्या गल्लीत दहा पोरांचं एक बिऱ्हाड होतं,
त्यांचे सदरे, चादरी, चड्ड्या,
आणि दोरीखाली ही, सोळाची, दातांत चिमटे धरून.
वर काय आहे ते तिला फक्त कॉलरच्या मळावरून ठाऊक.

तिकिटाच्या खिडकीतल्या मुलीनं विचारलं, ज्येष्ठ किती?
चारही, ग्रासिएत म्हणाली. छत्री धरून पाच.

वरचा चौक पांढराफेक, डोळे मिटावेत असा.
खाली नदी पडून राहिलेली.
काळे झगे पांघरून पोरंपोरी पायऱ्यांवर,
एकीच्या झग्याच्या काठाला टरटरा फाडलेल्या खुणा:
एक आईची, एक मावशीची, मित्रांच्या बऱ्याच.
ही इथली रीत.
आणि झगा कधी धुवायचा नाही, ही दुसरी.
धुतला की शिकलेलं सगळं पाण्याबरोबर जातं.

मी एक धुतलाय, देओलिंदा हळूच म्हणाली,
पाद्र्यापुढे बोलावं तसं.
कायद्याचा पोरगा होता. परीक्षेच्या आदल्या रात्री
दारू पिऊन त्यानं सगळा भरवला.
अंधारात हौदावर धुतला मी, आपटला नाही, नुसता दाबला,
चुलीशी वाळवला, पहाटे खुंटीला. त्याला पत्ता नाही.
मग? नापास? फिरमिनुनं विचारलं.
न्यायाधीश झाला.
माझ्या मेहुण्याला त्यानंच आत टाकलं, बकऱ्या चोरल्या म्हणून.
चोरल्या होत्या?
दोनच.

तेवढ्यात मनोऱ्यातली घंटा वाजली.
तिला इथे शेळी म्हणतात.
ग्रासिएत हसता हसता खांबाला टेकली,
रखवालदारानं बोट ओठांवर ठेवलं.

ग्रंथालयात सोनंच सोनं, छतापर्यंत.
रात्री इथे वटवाघळं उडतात, गाइड सांगत होता,
पुस्तकांतले किडे खातात,
म्हणून संध्याकाळी टेबलांवर चामडं अंथरतात.
सगळे वर बघत होते.
देओलिंदा टेबलाकडे.
आणि सकाळी पुसतं कोण?
त्याला ते माहीत नव्हतं.

दुपारच्या गाडीनं फिगेराला.
दोन्हीकडे भातखाचरं, विजेच्या खांबांवर करकोचे,
घरं बांधून बसलेले, भाडं न देता.
डबा फिरला. कोणी फारसं बोललं नाही.

आणि किनारा! असा रुंद की समुद्र
दुसऱ्या कुणाच्या गावात असावा.
लाकडी वाट संपली, पुढे वाळूच वाळू,
निळी रेघ होती तिथेच.
देओलिंदाचा गुडघा बसला. तीही बसली.
जा तुम्ही, म्हणाली. इतका लांब ठेवलाय, तर राहू दे.

फिरमिनुनं उरलेले दोन वडे दोन्ही गालांत कोंबले,
पँट वर दुमडली, डबा घेऊन चालायला लागला.
ठिपका झाला. मग बराच वेळ ठिपकाच.
परत आला तेव्हा डब्यात चार बोटं समुद्र,
वर वड्यांच्या तेलाचे डोळे तरंगत.
निम्मा सांडला, तो म्हणाला, जणू कुणी मोजून दिला होता.

तिनं आधी बोटं बुडवली. मग मनगट.
मग ग्रासिएतच्या हातातला रुमाल काढून घेतला,
तेलकट, मोहरीचा डाग पडलेला,
आणि चोळायला लागली.
आम्ही नको म्हणालो नाही.

खाऱ्या पाण्याला फेस येत नाही, ती म्हणाली,
पिळून, झटकून
उघड्या छत्रीच्या काडीला अडकवत.
गाडीला अजून पाऊण तास होता.
वाळेल, म्हणाली.